दोन माग

भिवंडीतली शांतता कानांनी ओळखायची असते, कारण ती खटाखट वाजते. गल्लीगल्लीतल्या शेडमधून यंत्रमागाचा धोटा इकडून तिकडे धावत असतो. परक्या माणसाला त्या आवाजात झोप लागत नाही आणि तिथल्या माणसाला तो थांबला तर लागत नाही. माग थांबले म्हणजे वीज गेली असणार, मंदी आली असणार, नाहीतर कर्फ्यू लागला असणार.

कर्फ्यू या गावाने पुष्कळ पाहिला. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती माडोन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर स्पष्ट बोट ठेवलं. त्यानंतर मे 1984 मध्ये पुन्हा आग लागली आणि ती ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. भिवंडी हे नाव वर्तमानपत्रांत दंगलीला जोडूनच छापलं जाऊ लागलं. त्यामुळे 6 डिसेंबर 1992 ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा भिवंडीचं काय होणार, हे जो तो गृहीतच धरून बसला असेल.

पण जळाली ती मुंबई. त्या डिसेंबर-जानेवारीत तिथे 900 माणसं मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेला आकडा आहे. आणि ठाण्याहून जेमतेम 15 किलोमीटरवर असलेल्या भिवंडीत दंगल झाली नाही. मला ही आपल्या राज्याच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. दंगल झाली की आयोग बसतो, अहवाल येतो, आकडे राहतात. न झालेल्या दंगलीचा पंचनामा कोण करणार? म्हणून तो आपणच करून पाहू.

सुरुवात 1988 मध्ये होते. त्या वर्षी सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल रोखण्याची रुळलेली पद्धत तेव्हाही ठरलेली होती: सण जवळ आला की बंदोबस्त वाढवायचा, राखीव पोलिसांच्या गाड्या उभ्या करायच्या आणि ‘शांतता समिती’ची बैठक बोलवायची. या समितीत बसायचे दोन्हीकडचे पुढारी आणि प्रतिष्ठित. सरबत व्हायचं, भाषणं व्हायची, फोटो निघायचा. पण दंगल पेटते गल्लीच्या तोंडाशी, आणि त्या तोंडाशी राहणारा माणूस बैठकीत कधी नसायचाच. शिवाय तणाव असला की पुढाऱ्याचं वजन वाढतं, म्हणजे तणाव मिटवायला ज्यांना बोलवायचं त्यांतल्या काहींचा त्यात तोटाच. गल्लीतल्या माणसाचं तसं नाही. माग बंद पडला की त्याची त्याच दिवसाची मजुरी बुडते.

खोपडे यांनी समित्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत नेल्या. पोलीस ठाण्याच्या हद्दीचे जे छोटे भाग असतात, ज्यांना खात्यात ‘बीट’ म्हणतात, तेवढ्या छोट्या पातळीवर. शहरभर सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान जवळपास सारखे, आणि माणसं साधी: मागावरचे कामगार, दुकानदार, रिक्षावाले, डॉक्टर, शिक्षक, घरच्या बायका. आणि दंगलीची वाट न पाहता त्या नेमाने भरत राहिल्या. मला यातला खरा शोध हाच वाटतो, की काहीही घडत नसताना भेटायचं.

अशा बैठकीत बोलायचं तरी काय? इथे गंमत आहे. धर्म, ऐक्य, बंधुभाव यांवर तासभर बोलून झालं की पुढच्या वेळी कोणी येत नाही. म्हणून बोलणं गटारावर येतं, नळावर येतं, घरभाड्यावर आणि नवराबायकोच्या भांडणावर येतं. समजा, एका घरासमोरचं गटार तुंबलं, पाणी शेजाऱ्याच्या दारात गेलं, शेजारी दुसऱ्या धर्माचा. दोघांत बाचाबाची झाली, एकाने हात उगारला. पोलीस ठाण्यात गेलं तर त्याची अदखलपात्र नोंद होईल, कागदाचा एक तुकडा हातात मिळेल आणि राग तसाच घरी परत येईल. महिन्याभराने सण आला, घोळक्यात कोणी त्या जुन्या रागाला धर्माचं नाव दिलं, की गटाराचं भांडण कुठच्या कुठे जातं. तेच भांडण आठवड्याच्या बैठकीत मांडलं, दोन्हीकडच्या चार जाणत्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि पालिकेकडे कोणी जायचं ते ठरलं, तर तिथे फक्त गटार उरतं. गटार साफ करता येतं.

आता अफवेकडे या, कारण दंगलीचं खरं इंधन तीच. अफवा कशी चालते हे नीट पाहिलं की चकित व्हायला होतं. ‘त्यांच्या गल्लीत हत्यारं आणून ठेवलीत’ असं एक वाक्य सुटतं. ऐकणाऱ्याला ते तपासायचं असतं, पण ‘त्यांच्या’ गल्लीत त्याच्या ओळखीचं एकही माणूस नसतं. विचारायचं कोणाला? मग तो आपल्याच माणसांना विचारतो. तेही तेच ऐकून बसलेले असतात, म्हणून हो म्हणतात. अशा रीतीने एकाच वाक्याला पाच साक्षीदार मिळतात आणि पाचही जणांनी डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नसतं. घाबरलेला माणूस घरात काठ्या गोळा करतो. पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी ते पाहतं. तिथे आता खरीखुरी बातमी पोचते: ‘ते काठ्या गोळा करतायत.’ खोट्यातून खरं जन्माला आलेलं असतं.

या साखळीत एकच दुवा असा आहे, जिथे ती तुटू शकते: ‘विचारायचं कोणाला?’ तिथे एक नाव हवं. ज्या माणसाशी मागच्याच आठवड्यात गटारावरून वाद घालून झाला, चहाही पिऊन झाला, असा पलीकडचा एक माणूस. त्याच्या दारावर जाऊन थेट विचारता येतं. सगळी गल्ली एकमेकांच्या गळ्यात पडण्याची गरज नाही. प्रत्येक बाजूला विचारता येईल अशी मूठभर माणसं असली आणि त्यांच्यामध्ये ओळखीचा एक पोलीस असला, तरी वाक्य पुढे सरकायच्या आत अडतं.

तो ओळखीचा पोलीस कोण, हा या रचनेचा मला सर्वांत आवडणारा भाग. या कामात खरं वजन आलं ते बीटवरच्या शिपाई-हवालदाराला. पोलीस खात्यात शिपाई म्हणजे ऐकणारा माणूस. त्याने सलाम ठोकायचा, बंदोबस्ताला उभं राहायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. इथे त्याच्या हातात एक बैठक आली आणि एक परिसर आला. गल्लीतल्या लोकांना साहेबांपेक्षा शिपाई जवळचा वाटतो, कारण तोही भाड्याच्या खोलीत राहतो आणि त्याच्याही नळाला पाणी येत नाही. आणि जो शिपाई रोज नावानिशी हाका मारतो, त्याच्या हातातली काठी दंगलीच्या दिवशी अनोळखी शिपायाच्या काठीसारखी चालत नाही. माडोन आयोगाने ज्या पक्षपातावर बोट ठेवलं, त्याला मला तरी ओळखीइतका दुसरा उतारा दिसत नाही.

कोणी म्हणेल, भिवंडीत पोटापाण्याने माणसं आधीच बांधलेली होती, समित्यांचं काय कौतुक? बांधलेली होती हे खरंच. कोकणी मुसलमान तिथले जुने. 1857 नंतर उत्तरेतून मोमीन-अन्सारी विणकर आले, तेलुगू बोलणारे पद्मशालीही आले. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, मजुरी तिसऱ्याची. पण हे सगळं 1970 मध्येही होतं आणि 1984 मध्येही होतं. व्यवहाराची गाठ तेवढ्याने टिकत नाही, कारण सूत देणारा आणि विणणारा संध्याकाळी आपापल्या वस्तीत जातात. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ आणि अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून, दंगली कुठे होतात आणि कुठे होत नाहीत हे तपासलं. त्यांच्या 2002 च्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की खेड्यात रोजची ओळखपाळख पुरते, शहरात पुरत नाही. शहर मोठं असतं, तिथे दोन्ही समाजांना एकत्र बसवणाऱ्या संस्था लागतात: संघटना, मंडळं, संघ. भिवंडीच्या मोहल्ला समित्यांची दखल त्यांनी घेतली ती यासाठीच. अशी संस्था सहसा लोकांतून उगवते. इथे ती पोलिसांनी लावली आणि तरी ती रुजली.

मराठीत ‘माग’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे, चोराचा माग. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात दख्खनच्या गावांतल्या राखणदाराचं वर्णन केलं आहे. हे काम पुष्कळदा रामोशी करत. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक असणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. चोरी झाली की राखणदार पावलांचा माग काढत निघायचा. माग शिवेपलीकडे गेला तर काडीवर घेतलेलं पावलांचं माप पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचं, की जबाबदारी त्या गावाची. मग त्याने पुढे शोधायचं. मापाची ती काडी शिवेवर हातातून हातात जाताना डोळ्यांसमोर आणून पाहा. या व्यवस्थेत जाच होता, जातीची उतरंड होती, ती परत यावी असं मुळीच नाही. पण सुरक्षितता ही शेजाऱ्याच्या हातात द्यायची वस्तू आहे, ही समज आपल्या मातीत किती जुनी आहे! 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यातला पोलीस पाटील आणि 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम, दोन्हींत मला त्याच समजेचा धागा दिसतो.

दूरच्या शिकागोतही तो सापडला. 1995 मध्ये तिथल्या 343 वस्त्यांतल्या 8,782 रहिवाशांना संशोधकांनी अगदी घरगुती प्रश्न विचारले: शाळा बुडवून पोरं नाक्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी त्यांना हटकतील का? घरासमोर मारामारी झाली तर कोणी मध्ये पडेल का? ज्या वस्त्यांत ‘हो’ जास्त आलं, तिथे हिंसा कमी होती, आणि गरिबीचा हिशेब वजा करूनही हा फरक उरत होता.

दंगलींनंतर मुंबईनेही ही वाट धरली. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. वस्तीतल्या पोरांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने भरू लागले. ज्याच्या गोलंदाजीवर आपण त्रिफळाचीत झालो त्या हवालदाराचं नाव कोण विसरेल?

भिवंडीत खोपडे यांच्यानंतर गुलाबराव पोळ यांनी समित्या जपल्या. पण गोष्ट इथे थांबवली तर ती खोटी होईल. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना मारून टाकलं. हे वाचताना माझा हात थांबतो. लोक आणि पोलीस यांच्यात जो पूल बांधला होता, तोच त्या दिवशी कोसळला होता, आणि तोही पोलीस ठाण्याच्या जागेवरून. पायाचा पहिला दगड बसायच्या आधी ती जागा एखाद्या भरल्या बैठकीत गटारासारखीच चर्चेला आली असती तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

विणलेलं कापड विणून झाल्यावर टिकतं. ओळख टिकत नाही. समितीतला म्हातारा जातो, त्याचा मुलगा कल्याणला राहायला जातो, मागाच्या शेडमध्ये नवे कामगार येतात. शिपायाची बदलीही ठरलेली. नवा शिपाई बीटवर येतो तेव्हा त्याला वही मिळते, नकाशा मिळतो, फरारी गुन्हेगारांची यादी मिळते. कोणत्या घरात कोण राहतं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, रात्री अकराला दार वाजवलं तर कोण उघडेल, हे त्या वहीत नसतं. ते त्याला गल्लीतल्या कोणीतरी सांगावं लागतं, पहिल्याच आठवड्यात, मागांच्या खटाखटीत जरा मोठ्याने.