दीड लाखाचा घोडा

“दीड लाख!” घोडेवाल्याने आकडा दाखवला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मैत्रिणींनो, हे इंडोनेशियाचे रुपये बरं का, आपले आठशेच्या आसपास!

जावा बेटावरचा ब्रोमो हा जिवंत ज्वालामुखी, उंची २३२९ मीटर. भोवती काळ्या राखेचं मैदान. ते घोड्यावरून पार करायचं आणि मग सुमारे अडीचशे पायऱ्या. भाषा येत नव्हती, पण आठवडी बाजारातली सवय कुठे जाणार? कॅल्क्युलेटरवरच घासाघीस केली. मी पाठ फिरवली, तसा तो नव्वद हजारांवर आला. जिंकले की!

मग मी घोड्यावर आणि तो लगाम धरून राखेतून पायी, नाकाला मफलर, सारखा खोकत. ‘हे’ काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर मला कळली.

वर गंधकाच्या वासाने डोळे चुरचुरले. विवराच्या काठावर चक्क गणपती! इथले तेंगर लोक हिंदू. कसादा सणाला विवरात भाजी, कोंबड्या, पैसेसुद्धा अर्पण करतात. गणपतीपुढे मी वीस हजार ठेवले. तिथे कुठली घासाघीस?

परत आल्यावर त्याच्या हातात सगळे दीड लाख दिले. त्याने मोजले, साठ हजार परत केले आणि कॅल्क्युलेटरवर ‘९००००’ दाखवलं. माझीच चूक झाली असं त्याला वाटलं.

मी कॅल्क्युलेटर घेतला आणि १५०००० लिहिलं.