सुईचें नेढें आणि फणसाचा हिस्सा

रत्नागिरी जिल्ह्यांत लांज्याकडे संपत्ति म्हटली म्हणजे आधीं रोकड डोळ्यांपुढें येत नाहीं. भाताचीं दोन खाचरें, डोंगरउताराचा वरकस तुकडा, परसांतले फणस, जांभ्या चिऱ्यांचें घर, आणि या सर्वांत भाऊबंदांचे हिस्से, असें तिचें रूप असतें. एका झाडालाही चार वाटेकरी असूं शकतात! नोकरीसाठीं मुंबईस गेलेला माणूस वर्षानुवर्षें गांवीं फिरकला नाहीं, तरी त्या आणे-पैच्या हिश्श्यावरून त्याचें मन उठत नाहीं. श्रीमंतांना उद्देशून आहे म्हणून ख्रिस्ताचा जो उपदेश पुष्कळ लोक बाजूस ठेवतात, तो अशा घरापर्यंतही येऊन पोंचतो.

मार्काच्या शुभवर्तमानांत एक गृहस्थ धांवत येऊन ख्रिस्तापुढें गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारतो. तो दुराचारी नाहीं. लहानपणापासून आज्ञा पाळीत आलेला आहे. ख्रिस्तालाही त्याच्याविषयीं प्रेमच वाटतें. पण असेल नसेल तें विकून गोरगरिबांना देण्यास सांगतांच तो खिन्न होऊन निघून जातो. सुईच्या नेढ्यांतून जाणाऱ्या उंटाचा प्रसिद्ध दाखला येतो तो यानंतर. हा उंट भाष्यकारांना फार अडचणीचा झाला. यरुशलेमेस ‘सुईचें नेढें’ नांवाचा एक बुटका दरवाजा होता व ओझें उतरल्यावर उंटाला त्यांतून जातां येई, अशी एक सोयीची उपपत्ति मध्ययुगापासून सांगण्यांत येते. अशा दरवाजाला पुरावा नाहीं. आणि दाखला ऐकून शिष्य थक्क झाले, ते कांहीं दरवाजा बुटका म्हणून नव्हे.

इ. स. 200 च्या सुमारास आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनें याच प्रश्नावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. संपत्ति हें केवळ साधन आहे, टाकावयाची ती आसक्ति, असें त्याचें प्रतिपादन. सर्वांनींच सर्वस्व टाकलें, तर भुकेल्याला अन्न देणार कोण? हा युक्तिवाद खोटा नव्हे. जक्कयानें अर्धी मालमत्ता देऊं केली, तेव्हां ख्रिस्तानें उरलेली अर्धी मागितली नाहीं. मात्र आसक्ति सुटली कीं नाहीं, याचा निवाडा ज्याचा त्यानेंच करावयाचा असला, म्हणजे निकाल बहुधा आरोपीच्या बाजूनें लागतो!

आपल्या देशांत हा प्रश्न कायद्याच्या कागदावरही आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत धर्मांतर करणाऱ्याची जात गेली, कीं वडिलार्जित हिस्साही जाण्याचें भय असे. 1850 च्या 21 व्या कायद्यानें धर्म बदलल्यामुळें वारसाहक्क बुडण्याची रूढि अमान्य केली. पण कायद्यानें राखला तो कोर्टांतला हक्क. माजघर, पाणवठा आणि पंक्ति राखणें त्याच्या हातीं नव्हतें. येथेंच एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही, कीं धनाचा मोह नेहमींच लोभाच्या रूपानें येत नाहीं. खाचर सोडणें म्हणजे आईचा उंबरठा सोडणें, असें ज्याला वाटतें, त्याला कृपण म्हणणें अन्यायाचें होईल. तरीही श्रद्धेच्या वाटेवर तो अडतो, हें खरेंच.

याच जिल्ह्यांतील करजगांवीं 1861 मध्यें जन्मलेल्या नारायण वामन टिळकांना ही अडचण निराळ्या बाजूनें आली. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दुरावल्या. पैसा टिळकांच्या हातीं टिकत नसे, हें लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथावरून कोणालाही कळेल. अशा माणसाला धनाचें बंधन कसलें? तें पगाराच्या रूपानें होतें. अमेरिकन मराठी मिशनचें काम ते अहमदनगरास करीत. परदेशी पैशावर चालणारा उपदेश ऐकणाऱ्याच्या मनांत, हा बोलतो तो श्रद्धेनें कीं वेतनासाठीं, अशी शंका येणें स्वाभाविक होतें. टिळकांना तर ख्रिस्ती धर्म या भूमींत येथल्या संतांच्या रीतीनें रुजावयास हवा होता. 1917 मध्यें त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तेथें जागा होती.

हा त्याग मोठा खरा. पण संन्याशाला घर होतें. पगारावर पाणी सोडणारा पुरुष मोकळा होतो. तांदळाचा डबा रिकामा झालेला प्रथम दिसतो तो घरांतल्या स्त्रीला. चरित्रकार त्यागाचें वर्णन करतांना या डब्यापाशीं फारसे थांबत नाहींत. टिळक 9 मे 1919 रोजीं मुंबईस वारले. मागें राहिलें तें अपुरें ‘ख्रिस्तायन’. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.