उघड्या मोटारीत पट्टा कशाला?

ब्रिटनमध्ये १९६२ साली निघालेली 'एमजीबी' ही उघड्या टपाची मोटार हौशी लोक आजही चालवतात. "मोटार उलटली तर आसनपट्ट्यामुळे आपण खाली अडकू; पट्टा नसलेलाच बरा," असे काहींना वाटते. हे खरे का?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून थांबली, तरी जडत्वामुळे आपले शरीर त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग १० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूइतका असतो! पट्टा शरीराला धरून ठेवतो, बाहेर फेकू देत नाही. म्हणून तो हवाच. मात्र गंजक्या पत्र्यात नव्हे, भक्कम सांगाड्यात बसवलेला. उलटल्यावर डोके वाचवणे एकट्या पट्ट्याला जमत नाही. त्यासाठी आसनामागे डोक्याहून उंच पोलादी कमानही हवी.