चित्रपट मंडळाचा संसार

फिल्म सोसायटी, म्हणजेच चित्रपट मंडळ, ही सभासदांच्या वर्गणीवर चालणारी आणि नफा हा हेतू नसलेली संस्था असते. वर्षाची वर्गणी भरायची, ओळखपत्र घ्यायचे आणि महिन्याकाठी होणारे दोन-चार खेळ पाहायचे, एवढीच सभासदाच्या बाजूची व्यवस्था. महाराष्ट्रात अशा मंडळाची नोंदणी सहसा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. म्हणजे हिशेब तपासून घ्यावे लागतात, वार्षिक सभा घ्यावी लागते, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कागद द्यावे लागतात. वर्षाअखेर पैसे उरलेच तर ते कुणाच्या खिशात जात नाहीत, पुढच्या वर्षीच्या हॉलच्या भाड्यात जातात. बहुतेक मंडळांना हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण उरत काही नाही.

मंडळ खेळाचे तिकीट विकत नाही, यामागे कायद्याचीही एक गोष्ट आहे. भारतात कोणताही चित्रपट जाहीरपणे दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. परदेशातून दोन-तीन खेळांपुरत्या येणाऱ्या प्रिंटसाठी ते मिळवत बसणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून केंद्र सरकारने फिल्म सोसायट्यांना सूट दिली: खेळ फक्त सभासदांसाठी असेल, तर विनाप्रमाणपत्र चित्रपट दाखवता येईल. या सवलतीचा एक परिणाम कोणी कागदावर लिहीत नाही, पण जुने कार्यकर्ते हसत सांगतात. कात्री न लागलेले परदेशी चित्रपट पाहायला मिळतात म्हटल्यावर काही काळ सभासदांच्या यादीत अशी बरीच नावे आली, ज्यांचा बर्गमन किंवा अंतोनिओनी या दिग्दर्शकांशी संबंध एखाद-दुसऱ्या दृश्यापुरताच होता. त्यांच्या वर्गणीतून बाकीच्यांना वर्षभर चांगले चित्रपट पाहायला मिळाले, हाही हिशेबाचाच भाग.

ही कल्पना इंग्लंडमधून आली. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ साली सुरू झाली. मुंबईत तीस-चाळीसच्या दशकांत इंग्रजी वर्तुळातील हौशी मंडळींनी तसे प्रयत्न केले. पण चळवळीचे मूळ सांगताना नाव घेतले जाते ते १९४७ साली स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीचे. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे मित्र तिचे संस्थापक. पुढे आठ वर्षांनी रायांचा ‘पथेर पांचाली’ आला. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, नंतर तो इतर महानगरांतही गेला आणि इथल्या प्रेक्षकांना ‘बायसिकल थीव्ज’सारखे चित्रपट पाहायला मिळाले. महोत्सव संपल्यावर पुन्हा हे कुठे पाहायचे, हा प्रश्न अनेक शहरांतील लोकांना एकाच वेळी पडला.

पाटण्यात तो ज्यांना पडला त्यांत एक मराठी बाई होत्या. विजया मुळे यांचा जन्म मुंबईचा, १९२१ चा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. १९४६ साली उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्या असता तिथे फिल्म सोसायटीशी त्यांचा परिचय झाला आणि परतल्यावर पाटण्यात त्यांनी तसेच मंडळ उभे केले. पुढे दिल्लीत बदली झाली, तर तिथल्या सोसायटीच्या उभारणीतही त्या होत्या. १९५९ च्या डिसेंबरमध्ये कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रूडकी इथल्या सोसायट्यांनी मिळून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन केले. त्याचे अध्यक्ष सत्यजित राय होते, तर मुळे सहचिटणीसांपैकी एक. दूरदर्शनवर ‘एक, अनेक और एकता’ पाहून मोठ्या झालेल्या पिढीला तो लघुपट त्यांचा आहे हे माहीत असते. फेडरेशनचे काम मात्र सहसा माहीत नसते.

फेडरेशनचे काम तसे रुक्षच आहे. वकिलाती आणि परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडून प्रिंट मिळवायच्या, त्या एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरवायच्या, सरकारी सवलती टिकवायच्या, नव्या मंडळांना नोंदणीत मदत करायची. एकट्या सोलापूरच्या किंवा नाशिकच्या मंडळाला जर्मन चित्रपटाची प्रिंट कोणी दिली नसती. दहा गावांच्या फेरीत मात्र तीच प्रिंट तिथे पोहोचू शकते.

मराठी माणसांसाठी मराठीत चालणारे मंडळ मुंबईत १९६८ साली निघाले. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या संस्थेने प्रभात फिल्म कंपनीची आठवण म्हणून ‘प्रभात चित्र मंडळ’ हे नाव घेतले. तोवर शहरातील फिल्म सोसायट्यांचा कारभार प्रामुख्याने इंग्रजीत चाले. दादर-गिरगावातील वाचक रशियन कादंबरी मराठीत वाचत होता, नाटकावर तावातावाने बोलत होता. पण चित्रपटावर तसे बोलायला त्याच्याकडे जागा नव्हती आणि शब्दही नव्हते. मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ या नियतकालिकातून ते शब्द हळूहळू तयार झाले. चौकट, चित्रचौकट, प्रतिमा, संकलन, रसास्वाद हे शब्द आज वर्तमानपत्रातील परीक्षणात सहज येतात. ते रुळवण्यात अशा छोट्या, तोट्यात चालणाऱ्या अंकांचा वाटा मोठा आहे. खेळ पाहिलेल्यांपेक्षा न पाहिलेल्यांना मंडळाचा झालेला हा उपयोग जास्त टिकाऊ ठरला, असे म्हणता येईल.

पुण्याची परिस्थिती जरा भाग्याची. प्रभातच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे पुणेकरांचे ‘अर्काइव्ह’. पी. के. नायर यांनी तिथे पंचवीसेक वर्षे चित्रपट जमवले आणि जपले. जमवलेले चित्रपट लोकांनी पाहिले पाहिजेत, यावर ते ठाम होते. म्हणून संग्रहालयाने निवडक चित्रपटांच्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट बाहेर द्यायला ठेवल्या. मंडळाने पत्र लिहायचे, डबे रेल्वेने किंवा एसटीने न्यायचे, खेळ करायचा आणि डबे परत करायचे. पुण्यातील आशय फिल्म क्लबसारख्या मंडळाला हे सारे हाकेच्या अंतरावर मिळाले. लांबच्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना त्यासाठी रात्रीचा प्रवास करावा लागे.

या १६ मिलिमीटरने खेळाचे स्वरूपच ठरवले. चित्रपटगृहातील ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, १६ मिलिमीटरची ३६ फूट. दोन तासांचा चित्रपट ३५ मध्ये जवळजवळ अकरा हजार फूट भरतो, १६ मध्ये सव्वाचार हजार फूट, म्हणजे तीन-चार मोठी रिळे. हे डबे एक माणूस दोन हातांत उचलून नेऊ शकतो. प्रोजेक्टर टेबलावर मावतो, शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपातही लागतो. मात्र बहुतेक मंडळांकडे प्रोजेक्टर एकच असे. रीळ संपले की पडदा पांढरा होई, दिवे लागत, चालक नवे रीळ दातांवर बसवी, फिल्मला सैल वळसा देई आणि पुन्हा अंधार होई. खेळभर मागून यंत्राची टकटक चालू असे. या मधल्या तीन-चार मिनिटांत प्रेक्षक शेजाऱ्याला विचारत, “तो मघाचा म्हातारा कोण होता?” मंडळातील चर्चा अधिकृतपणे खेळानंतर सुरू होते, प्रत्यक्षात ती रिळांच्या मधल्या फटीत सुरू झालेली असे.

पुण्याहून गेलेल्या डब्यांचा सर्वांत विलक्षण उपयोग झाला तो कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील हेग्गोडू या छोट्या गावात. भोवती सुपारीच्या बागा. गावातील लोकांनी १९४९ साली नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ काढला. आद्याक्षरांवरून तो ‘नीनासम’ झाला. त्याचे सूत्रधार के. व्ही. सुब्बण्णा स्वतः सुपारीचे बागाईतदार, लेखक आणि ‘अक्षर प्रकाशन’ या कन्नड प्रकाशन संस्थेचे चालक. नाटक तर गावात होतेच. १९७३ साली त्यांनी ‘नीनासम चित्रसमाज’ ही फिल्म सोसायटी काढली.

खेड्यातील माणसाला जागतिक चित्रपट कळणार नाही, हे त्या काळी शहरातील सिनेमाप्रेमींचे ठाम मत होते. सुब्बण्णांनी त्यावर वाद घातला नाही, चित्रपट आणले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गावात जागतिक चित्रपटांचा महोत्सव भरला आणि पाठोपाठ रसास्वाद शिबिरे सुरू झाली. शिकवायला पुण्याहून नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर गेले. बहादूर हे मूळचे आग्र्याच्या फिल्म सोसायटीचे कार्यकर्ते. ‘पथेर पांचाली’ एकेका दृश्यावर थांबत, पुन्हा मागे जात शिकवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. भाषेची अडचण खरीच होती. जपानी चित्रपट, त्याखाली इंग्रजी अक्षरे आणि समोर कन्नड प्रेक्षक. त्यावर उपाय नाटकवाल्यांना सुचावा तसाच होता: आधी कन्नडमध्ये सांगायचे आणि नंतर कन्नडमध्येच बोलायचे. चित्रपटावरचे लेखन कन्नडमध्ये आणायला प्रकाशन घरचेच होते.

हेग्गोडूच्या लोकांना यक्षगान पाहायची सवय होती. रात्रभर बसणे, माहीत असलेली गोष्ट नव्या नटाकडून पाहणे, मग पारावर त्याचा कीस काढणे, ही प्रेक्षक म्हणून त्यांची तयारी आधीचीच. ‘राशोमोन’ या जपानी चित्रपटात एकाच खुनाच्या चार साक्षी चार तऱ्हेच्या येतात. जमिनीच्या खटल्यासाठी कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्याला यात अवघड ते काय? अडचण असलीच तर ती शहरातून आलेल्या समीक्षकांच्या कल्पनेत होती. पुढे ऐंशीच्या दशकात नीनासमने ‘जनस्पंदन’ या उपक्रमातून चित्रपट आणि नाट्यशिबिरे कर्नाटकातील इतर गावांत नेली. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पी. के. नायर यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा २०१२ चा माहितीपट हेग्गोडूलाही जातो. त्यात तिथले गावकरी अनेक वर्षांपूर्वी पाहिलेल्या परदेशी चित्रपटांविषयी बोलतात, शेजारच्या गावातील लग्नाविषयी बोलावे तितक्या सहज.

चित्रपट दाखवणाऱ्या मंडळींनी पुढे चित्रपट करायला घेतल्याचीही उदाहरणे आहेत, आणि ती बहुतांशी केरळातील. १९६५ साली तिरुवनंतपुरमला निघालेल्या चित्रलेखा सोसायटीतून एक सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने अडूर गोपालकृष्णन यांचा ‘स्वयंवरम्’ (१९७२) काढला. मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्या ओडेसा या गटाने त्याहून धीट वाट धरली. गावोगाव फिरून चित्रपट दाखवायचे, जमलेल्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची आणि त्या पैशांतून नवा चित्रपट करायचा. ‘अम्मा अरियान’ (१९८६) असा झाला. महाराष्ट्रातील मंडळांनी निर्मितीचा उद्योग फारसा केला नाही. त्यांचा कल महोत्सवांकडे आणि शिकवण्याकडे राहिला. प्रभात चित्र मंडळाच्याच वर्तुळातून २००२ साली मुंबईत ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, त्याच साली पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाची सोसायटी महोत्सव भरवते. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांचा साधारण महिनाभराचा रसास्वाद अभ्यासक्रम पुण्यात सत्तरच्या दशकापासून आहे, पण तो इंग्रजीत. मराठीतून होणारी आठवडाभराची शिबिरे मंडळांनी सुरू केली, म्हणून तालुक्याच्या गावातील शिक्षक, बँकेतील कारकून, गृहिणी यांनाही तिथे बसता आले.

ऐंशीच्या दशकात रंगीत दूरदर्शन आणि व्हिडिओ आले, मग सीडी, मग मोबाइलवरचे ओटीटी. प्रत्येक वेळी मंडळे आता संपली असे बोलले गेले आणि प्रत्येक वेळी काही मंडळे खरोखरच संपली. जी केवळ दुर्मीळ चित्रपट पुरवीत होती, त्यांच्याकडे दुर्मीळ असे काही राहिले नाही. टिकली ती बहुधा खेळानंतर दिवे लावून अर्धा तास बसणारी. त्यांच्या अडचणी मात्र बदलल्या. रिळे आणायची दगदग गेली. तिच्या जागी हक्कांचा प्रश्न आला. डिस्क किंवा फाइल हाताशी आहे म्हणून ती सभागृहात दाखवता येत नाही, खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी आणि बहुधा शुल्क लागते. सभागृहाचे भाडे वर्गणीच्या कितीतरी पुढे गेले. पदाधिकाऱ्यांचे सरासरी वय वाढले आणि शिडीवर चढून पडदा बांधणारा, पत्रके वाटणारा, शेवटी खुर्च्या एकावर एक रचणारा तरुण कार्यकर्ता कमी झाला. फेडरेशनने त्यावर महाविद्यालयांतील फिल्म क्लबांना संलग्न करून घेण्याचा मार्ग काढला आहे. तिथे सभागृह फुकट, प्रोजेक्टर भिंतीवर कायमचा बसवलेला आणि प्रेक्षक दर तीन वर्षांनी पूर्ण नवा. त्यामुळे ‘बायसिकल थीव्ज’ तिथे दर तीन वर्षांनी पुन्हा लावावा लागतो.