पडून राहिलेल्या शिडाच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरवायच्या? आधी हे तपासा

अलिबाग : शिडाच्या होड्यांच्या बऱ्याच क्लबांत मागच्या कोपऱ्यात एक चित्र दिसतं. फाटकी ताडपत्री, गवतात अडकलेल्या चार-पाच होड्या आणि एखादीत साचलेलं पावसाचं पाणी. दुसरीकडे शिकायला येणाऱ्या पोरांना होडी मिळत नाही. वास्तविक यातल्या काही होड्या थोड्या खर्चात चालू होऊ शकतात.

खरी अडचण होडीत कमी, कागदात जास्त असते. सभासद गाव सोडून गेलेला, वर्गणी थकलेली, मग होडीला हात कोण लावणार? म्हणून आधी मालकाला मुदत देऊन लेखी नोटीस पाठवावी, क्लबच्या नियमांप्रमाणे सभेत ठराव करावा आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. नाहीतर दुरुस्तीवर पैसे घातल्यावर मालक उगवतो.

मग होडी. मुलांसाठीची ऑप्टिमिस्ट घ्या. 1947 साली अमेरिकेतल्या क्लार्क मिल्स यांनी ती आखली. लांबी 2.30 मीटर, सांगाड्याचं वजन 35 किलो. दोघे सहज उचलतात. ती आतून सुकवून काट्यावर ठेवावी. पंचेचाळीस भरली तर कुठेतरी पाणी मुरलंय किंवा आधीच्या दुरुस्तीचे थर चढलेत. लाकडी दांड्याने तळ ठोकत जावं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे थर सुटलाय. फायबर कुजत नाही, उन्हाने वरचा रंग पांढरट पडला म्हणून होडी भंगारात काढू नये. प्लायवूडच्या जुन्या एंटरप्राइज होड्यांचं मात्र वेगळं. कडेला स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला, तर तिच्यावर खर्च करू नये.

सर्वात महत्त्वाची तपासणी तरंगण्याची. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या तीन पिशव्या असतात. त्या फुगवून रात्रभर ठेवाव्यात; सकाळी सैल पडल्या तर बदलाव्यात. बंद टाक्या असलेल्या होडीत जोडांवर साबणाचं पाणी लावून हलकी हवा भरावी, बुडबुडे दिसले तिथे गळती. सायकलच्या पंपाने जोर लावला तर मात्र टाकीच फाटायची.

डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि रिव्हेट स्टेनलेस स्टीलचे असले की खाऱ्या पाण्यात त्यांच्याभोवती पांढरी पूड जमते. तिथेच चीर पडते आणि काठी भर वाऱ्यात मोडते. शिडाचं बघायचं तर अनेकदा कापडाआधी शिवण जाते. ताडपत्री शिवणारा कारागीर जाड पॉलिस्टर दोऱ्याने ती पुन्हा मारून देतो.

तळाच्या दुरुस्तीला मुंबईहून माणूस आणायची गरज नाही. मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणारे हात कोळीवाड्यांत आहेत. फक्त नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांना गाठू नका, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःच्याच होड्यांची घाई असते. भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचा, चिरेभोवती उतार देऊन घासायचा, मगच मॅट आणि रेझिन. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच, घासताना मास्कही.

सगळ्याच होड्या वाचत नाहीत. तीन होड्यांचे भाग जुळवून दोन उभ्या करणं हाच बहुतेक वेळा शहाणा हिशेब. तिसरी जमिनीवर ठेवून मुलांना गाठी मारणं आणि शिड चढवणं शिकवता येतं. जाळू मात्र नये, फायबरचा धूर घातक.

आणि एक मोह टाळायचाच. अशा होडीत पर्यटक बसवून चार पैसे कमवायचे नाहीत. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. शिडाची छोटी होडी तर शिकताना उलटणारच, ते धरूनच तिचं प्रशिक्षण असतं.

त्यामुळे दुरुस्त होडीची पहिली फेरी कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. होडी मुद्दाम उलटवावी, आत पाणी भरू द्यावं आणि अर्धा तास ती सपाट तरंगते का ते बघावं. एक बाजू खाली जाऊ लागली तर परत किनाऱ्यावर. आणि हो, पाण्यात ढकलण्याआधी मागच्या भोकाचं बूच लावलंय ना, एवढं हात घालून बघावं.