गळ टाकण्याआधी पाणी ओळखा

नवी मुंबईत गळ टाकायला चांगलं तळं कोणतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी आधी विचारतो, मासा कोणता हवाय? रोहू, कटला किंवा चिलापी हवी असेल तर गावतळं बरं. कणकेची गोळी लावावी आणि सावलीत निवांत बसावं. मात्र काही तळी मत्स्यपालनासाठी ठेक्यानं दिलेली असतात, तेव्हा चौकशी करूनच गळ टाकावा. मोरबे धरणाचं पाणी तर आपल्या पिण्याचं. तिकडे गळ घेऊन फिरकू नये.

पण पनवेल-उरणपासून पेण-अलिबागपर्यंत खरा मान जिताड्याचा. खारेपाटातले शेतकरी पावसाळ्यात खाडीतून आलेली त्याची पिल्लं घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि पाहुण्यारावळ्यांसाठी वाढवतात. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी म्हणून प्रसिद्ध आहे. तो गोड्या पाण्यात मजेत वाढतो, पण अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाकडचं खारं पाणीच लागतं. म्हणून पहिली गोष्ट पाहायची ती ही, की तळ्याचं खाडीशी नातं शाबूत आहे का?

आपल्याकडचे धारण तलाव या दृष्टीनं पाहण्यासारखे आहेत. शहराचा बराच भाग सखल, म्हणून सिडकोनं पावसाचं पाणी साठवायला ते बांधले. ओहोटीला झडपा उघडून पाणी खाडीत जातं, भरतीला त्या मिटतात. जिथे झडप पुरती मिटत नाही, तिथे खाडीच्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी आत येते. त्यांच्या मागे जिताडा येतो. ही वाट बंद झाली तर काय होतं, ते 2024 मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावावर दिसलं. भरतीचं पाणी अडलं, तळं सुकू लागलं आणि फ्लेमिंगोंचे हाल झाले.

जिताडा दबा धरून शिकार करतो. मोकळ्या पाण्यात गळ टाकण्यापेक्षा मोरीचं तोंड, खांब, खारफुटीची कड अशा आडोशाजवळ टाकावा. जिवंत कोळंबी किंवा लहान बोय हे उत्तम आमिष. ओहोटी लागून पाणी बाहेर वाहू लागलं, की तो मोरीपाशी येऊन थांबतो. वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. तेव्हा अष्टमीला सकाळी सहानंतर तयारीत राहावं. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, म्हणून गळाजवळची दोरी जाड हवी आणि कल्ल्यात बोटं घालू नयेत. पावसाळ्यात मोरीजवळ मुळीच उभं राहू नये.

पाण्याला उग्र वास येत असेल, तेलाचा तवंग दिसत असेल किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर पुढे चालू लागावं. कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या नाल्याजवळचा मासा ताटात घेऊ नये. जिताडा इतर माशांवर जगतो, त्यामुळे त्यांच्या अंगातलं विष त्याच्यात साठत जातं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे ज्या मीटरभर माशाबरोबर आपण हौसेनं फोटो काढतो, ती बहुतेक वेळा लाखो अंडी घालणारी आई असते. असे मोठे मासे सगळेच पातेल्यात गेले, तर मागे नर उरतील आणि पिल्लं येणार नाहीत. तेव्हा मधल्या आकाराचा एखादा घरी न्यावा. मोठा लागला तर ओल्या हातांनी धरून, खाडीच्या बाजूला, हलकेच पाण्यात सोडावा. पुढच्या पावसात खारेपाटातल्या तळ्यांत पिल्लं दिसायची असतील, तर ती तिचीच असणार.