शेवटची ‘टिंग’ ऐकू आली का?

‘रेडिओहेड’चा ‘ओके कॉम्प्युटर’ हा अल्बम संपतो तेव्हा सगळी वाद्यं थांबतात आणि अगदी शेवटी एक बारीकशी घंटी वाजते. एकच ‘टिंग’. १९९७ साली हा अल्बम आला, तेव्हा मी कॉलेजात होतो. ती ‘टिंग’ मी शेकडो वेळा ऐकली असेन. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी लेकीला कौतुकाने तो अल्बम ऐकवत होतो. गाणं संपलं म्हणून मी बंद करायला उठलो, तर ती म्हणाली, ‘‘थांब ना बाबा, आत्ता घंटी वाजली!’’

मला ती ऐकूच आली नव्हती.

तशी कुरबुर आधीपासून होती. रात्री पंखा बंद केला की कानात एक बारीक सूर चालू असायचा. भाजीवाल्याने ‘साठ’ म्हटलं की मला ‘आठ’ ऐकू यायचं, आणि घरात सगळे हसायचे. त्या रविवारनंतर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. ऑडिओमेट्री झाली. आलेखावरची रेघ बरीचशी सरळ होती, पण चार हजार हर्ट्झपाशी ती खड्ड्यात उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कारखान्यात काम करता का?’’ म्हटलं, ‘‘नाही. रॉक ऐकतो.’’

रॉक मी ऐकायचो तो डोंबिवली ते व्हीटी या प्रवासात, वॉकमनवर. लोकलचा खडखडाट, दारातला वारा, शेजाऱ्यांच्या गप्पा, या सगळ्यांवर मात करायची म्हणून आवाजाचं चक्र शेवटपर्यंत फिरवलेलं. रोज जाऊन-येऊन अडीच तास, काही वर्षं.

आता थोडं कानाच्या आत डोकावू. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीची लहर आली की त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मज्जातंतूकडे संदेश जातो. आवाज फार मोठा आणि फार वेळ असला की या पेशी थकतात. मैफलीतून बाहेर पडल्यावर कानात बोळे घातल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. मारा चालूच राहिला, तर त्या मरतात. त्वचा भरून येते, हाड जुळतं, पण माणसाच्या कानातली मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी बळी पडतात. आपल्या बोलण्यातल्या स, श, फ यांची ओळख याच उंच पट्टीत असते. म्हणून अशा माणसाची पहिली तक्रार ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी असते.

‘दुसऱ्या दिवशी कान मोकळे झाले म्हणजे काही बिघडलं नाही’ ही समजूतही आता डळमळली आहे. २००९ मध्ये बोस्टनमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कितीतरी दुवे कायमचे तुटलेले होते.

तपासणीनंतर मी माझे लाडके अल्बम पुन्हा ऐकायला काढले, पण या वेळी हळू आवाजात. आणि माझी मतं बदलली.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) घ्या. सुरुवात हृदयाच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांनी होते. साहजिकच हात आवाज वाढवायला जातो. पुढे ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभी डझनभर घड्याळं एकदम ठणाणा करतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी ती जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती. कानात एक चिमुकला स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आखडून थोडं संरक्षण देतो, पण अचानक आदळणाऱ्या आवाजापुढे त्याला उशीर होतो. या अल्बमची खरी श्रीमंती हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरात आहे. ती मी वीस वर्षं लोकलच्या खडखडाटात हरवत होतो.

उलट उदाहरण ‘रेड हॉट चिली पेपर्स’च्या ‘कॅलिफोर्निकेशन’चं (१९९९). गाणी उत्तम आहेत, पण ध्वनिमुद्रण इतकं दाबून एका पातळीला आणलं आहे की हळुवार जागाही गर्जत येतात. यावर तेव्हापासून टीका होत आली आहे. अर्ध्या तासात मला शीण येतो. कानाला विसावाच मिळत नाही.

‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा ‘लव्हलेस’ (१९९१) म्हणजे गिटारींची भिंत. तो मोठ्यानेच ऐकायचा, असं आम्ही मित्र छातीठोकपणे सांगायचो. २००८ मध्ये हा बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा मैफलीला आलेल्यांना दारातच कानात घालायचे बोळे वाटले जायचे! आता शांत खोलीत कमी आवाजात ऐकतो, तेव्हा त्या भिंतीमागे चाली सापडतात, तिथे गाणारे गळे सापडतात.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या (१९६७) शेवटी पियानोंचा एक स्वरमेळ चाळीसेक सेकंद विरत जातो. त्यानंतर ब्रिटनमधल्या मूळ तबकडीवर पंधरा हजार हर्ट्झचा एक सूर घातलेला आहे. कुत्र्यांना त्रास द्यावा, ही लेननची खोडी. लहान मुलांना तो ऐकू येतो, पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांना येत नाही. वयानुसार कान वरून झिजतात, ते अटळ आहे. पण मी माझी झीज स्वतः घाईने ओढवून घेतली.

मोठमोठेही सुटले नाहीत. १९७६ मध्ये लंडनच्या एका मैफलीत ‘द हू’च्या आवाजाची नोंद ३२ मीटरवर १२६ डेसिबल झाली होती आणि ती गिनीज बुकात गेली. असल्या विक्रमांमुळे लोकांचे कान जातील म्हणून गिनीजने पुढे हा प्रकारच बंद केला. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी मात्र आपल्या बिघडलेल्या कानांचा दोष स्टुडिओतल्या हेडफोनला दिला. म्हणजे धोका मंचावर असतो, तसा खिशातही असतो.

मग किती ऐकावं? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात, आणि १०० डेसिबलला फक्त २० मिनिटं. पूर्ण आवाजात लावलेला फोन शंभरच्या आसपास सहज पोचतो.

आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. बस-लोकलमध्ये ऐकायचंच असेल, तर बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन घ्या, म्हणजे त्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही. मैफलीत वा मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपासून लांब राहा, कानात बोळे घाला, अधूनमधून बाहेर या. कानात सतत गुणगुण होत असेल, तर तपासणी टाळू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे उपचारांना उशीर परवडत नाही.

माझा खड्डा भरून येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. कानातला सूर सोबत राहील, त्याची सवय करायला मी शिकतो आहे. लेकीच्या फोनमध्ये आवाजाची मर्यादा मात्र आम्ही दोघांनी बसून ठरवली. ती सुरुवातीला कुरकुरली. आता रविवारी ‘ओके कॉम्प्युटर’ संपत आला की ती माझ्या दंडाला हात लावते आणि सांगते, ‘‘वाजली.’’